जिप्सम बोर्डच्या मागे पाइप आणि वायरी लपवताना

मुंबई, ठाणे, पुणे इथे अलीकडे उभ्या राहिलेल्या बऱ्याच टॉवरमध्ये भिंती विटांच्या नसतात. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. बांधकामवाले याला मायवान म्हणतात. ताबा मिळतो, सामान लावायची वेळ येते आणि मग लक्षात येतं की टीव्हीचा पॉइंट नको त्या भिंतीवर आहे, एसीची पाइप खोलीभर उघडी दिसणार आहे, वॉशिंग मशीन ठेवायचं तिथे पाणीच आलेलं नाही. अशा वेळी कुणीतरी ग्राइंडर घेऊन येतो आणि म्हणतो, 'झिरी मारून देतो, तासाभराचं काम आहे.'

मायवानच्या भिंतीला झिरी, म्हणजे पाइप-वायर बसवायची खाच, मारू देऊ नका. ती भिंत नुसता आडोसा नाही, वरच्या मजल्यांचा भार तिच्यावर आहे. पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरवरच सळ्या असतात. सळी कापली गेली तर ताकद जाते, उघडी पडली तर गंजते, आणि गंजलेली सळी फुगून भोवतालचं काँक्रीट फोडते. जुन्या, कॉलम नसलेल्या लोडबेअरिंग इमारतींच्या विटांच्या भिंतींनाही लांब आडवी झिरी तितकीच वाईट. आणि कॉलम-बीमला हात लावायचाच नाही, इमारत कुठलीही असो.

अशा घरांसाठी सरळ उपाय म्हणजे मूळ भिंतीच्या पुढे जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या) सेक्शनचा हलका सांगाडा उभा करायचा, मधल्या पोकळीतून पाइप आणि वायरी न्यायच्या आणि वरून जिप्सम बोर्ड (दोन्ही बाजूंना जाड कागद असलेली जिप्समची पाटी) लावून टाकायचा. तोडफोड नाही, धूळ कमी, मूळ भिंत शाबूत. काम स्वच्छ आणि झटपट होतं, आणि धोका नेमका तिथेच आहे. बोर्ड लागून रंग झाला की मागे काय आहे ते कुणालाच दिसत नाही. म्हणून एक नियम आधी पक्का करा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: बोर्डमागे फक्त अखंड जाणारी पाइप आणि अखंड जाणारी वायर. जिथे उघडता येणारा जोड, व्हॉल्व्ह, कनेक्टर किंवा ट्रॅप (निचऱ्यातला वास अडवणारं, पाणी साठणारं वळण) आहे, तिथे हात पोचलाच पाहिजे.

## काय लपवायचं नाही

आधी हीच यादी करा, म्हणजे पुढे मोह होणार नाही.

गॅसची पाइप. पाइप गॅसची असो की सिलिंडरची रबरी नळी, ती बंद पोकळीत जाता कामा नये. गळालेला गॅस पोकळीत साठतो, वास उशिरा येतो, आणि त्याच पोकळीत वायरीही असतात. पाइप गॅसची लाइन हलवायची असेल तर ते काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाचं. 'स्वयंपाकघर छान दिसावं' म्हणून इंटिरियरवाला ती पॅनेलमागे घेतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

सोसायटीच्या सामाईक लाइनी. तुमच्या घरातून जाणारी सांडपाण्याची उभी पाइप तुमच्या एकट्याची नसते. ती झाकायची तर सोसायटीला लेखी कळवा आणि तिचं साफसफाईचं तोंड उघडता येईल असा दरवाजा ठेवा. जुन्या इमारतींत वरच्या मजल्याच्या बाथरूमचा नाहणी ट्रॅप तुमच्या छताखाली लोंबत असतो. फॉल्स सीलिंगखाली तो कायमचा बंद करू नका. वरच्यांची गळती सुरू झाली की पहिलं छत तुमचं फुटतं.

एलईडीचे ड्रायव्हर, टीव्ही बॉक्सचे ॲडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड. हे तापतात आणि बिघडतात. त्यांची जागा टीव्ही युनिटच्या कपाटात किंवा दाराच्या आड, बंद पोकळीत नाही.

गीझर, जड कपाटं, हातधुण्याचं बेसिन यांचा भार बोर्डवर टाकायचा नाही हेही इथेच लिहून ठेवा. २५ लिटरचा गीझर भरला की पस्तीस किलोच्या वर जातो. तो मूळ भिंतीतच टांगा. त्या जागी बोर्ड थांबवा किंवा बोर्डमधून लांब अँकर मूळ भिंतीपर्यंत न्या.

## भिंत कोरडी आहे का?

जिप्समचा खरा वैरी पाणी. महाराष्ट्राचा पावसाळा चार महिन्यांचा, आणि वारा-पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या भिंती बहुतेक घरांत थोड्याफार ओल धरतात. अशा भिंतीवर बोर्ड ठोकला की ओल दिसेनाशी होते, जात मात्र नाही. पोकळीत हवा खेळत नाही, बोर्डच्या मागच्या कागदावर बुरशी धरते आणि वर्षभरात खोलीत कुबट वास येऊ लागतो.

चाचणी सोपी आहे. साधारण दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला बाष्प जमलं तर भिंत ओली आहे. आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग, खिडकीच्या कडा, गच्चीवरचा उतार, जे कारण असेल ते मिटवा, भिंत वाळू द्या, मग पुढे चला. पावसाळ्यातच काम काढावं लागत असेल तर निदान बाहेरची भिंत सोडून आतली भिंत निवडता येते का ते पाहा. पाइप आणि वायरींना वळसा पडेल, पण तो परवडतो.

## जागेचा हिशोब

पोकळी किती ठेवायची हे आत जाणाऱ्या सर्वांत जाड वस्तूवरून ठरतं. वायरींचा २५ मिमीचा पाइप आणि पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणारी प्लास्टिकची पाइप (बाहेरून साधारण २२ मिमी), एवढंच असेल तर भिंत आणि बोर्ड यांच्यामध्ये ४० ते ५० मिमी पुरतात. 'पाइप २५ चा, म्हणून पोकळीही २५ ची' असा हिशोब करू नका. बोर्ड लावायचा स्क्रू २५ मिमीचा, बोर्ड १२.५ मिमीचा, म्हणजे स्क्रूचं टोक मागे साधारण १२ मिमी बाहेर येतं. पाइप मागे मूळ भिंतीला चिकटून गेली आणि पुढे मोकळी जागा राहिली तरच ती सुरक्षित.

इन्सुलेशन घातलेली एसीची जोडपाइप किंवा बेसिनची ४० मिमीची निचरा पाइप असेल तर ७० मिमीच्या आसपास धरा. ११० मिमीच्या सांडपाण्याच्या पाइपसाठी अख्खी भिंत पुढे आणू नका. कोपऱ्यात तेवढाच उभा खोका करा.

दहा फूट भिंत तीन इंच पुढे आली की खोलीतली अडीच चौरस फूट जागा गेली. लहान फ्लॅटमध्ये हे जाणवतं. म्हणून पूर्ण भिंत झाकायची की छातीइतक्या उंचीपर्यंतचं पॅनेल पुरे, हे आधीच ठरवा. टीव्हीच्या भिंतीला तर मधोमध पाच-सहा फुटांचा पट्टा पुरतो, आणि दिसायलाही तो बरा दिसतो. दाराच्या आणि खिडकीच्या चौकटी मात्र मोजून घ्या; भिंत पुढे आली आणि दार पूर्ण उघडेना, असं होऊ नये.

## आखणी

बाजारातून काहीही आणण्याआधी भिंतीवर खडूने खऱ्या मापात सगळं आखा. टीव्हीचा मध्य, स्विचबोर्ड, नळ, एसीचं इनडोअर युनिट, सोफ्याची पाठ. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवा. आईला स्विच कुठल्या उंचीवर हवा, वॉशिंग मशीनचं झाकण उघडल्यावर नळाला लागेल का, हे प्रश्न कागदावर सुचत नाहीत, भिंतीसमोर उभं राहिलं की सुचतात.

मार्ग आखताना वायर स्विचबोर्डपासून सरळ उभी किंवा सरळ आडवी जाऊ द्या. तिरपी कधीही नाही. अंतर वाचतं म्हणून वायरमन तिरपी न्यायला बघतो, पण पाच वर्षांनी चित्र टांगायला कुणी खिळा ठोकेल तेव्हा स्विचच्या सरळ वर-खाली वायर असणार एवढा अंदाज त्याला करता येतो, तिरप्या वायरीचा येत नाही. पाण्याची पाइप आणि वायरी आडव्या जाणार असतील तर वायरी वर, पाणी खाली.

मायवान घरात आणखी एक काळजी. बिल्डरने वायरींचे पाइप काँक्रीटमध्येच ओतलेले असतात, भिंतीत आणि स्लॅबमध्येही. त्यांचा नकाशा बिल्डरकडे किंवा सोसायटीकडे मागा. सांगाड्यासाठी भोकं पाडताना आखूड अँकर वापरा आणि ड्रिलच्या पात्याला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा.

## सांगाडा

पीओपीचं काम करणारे कारागीर हा सांगाडा हल्ली सर्रास करतात. लाकडी चौकटीचा आग्रह धरू नका. वाळवी, दमट हवा आणि पाण्याच्या पाइपांची शेजारधर्माची ओल, तिन्ही लाकडाला मानवत नाहीत. जीआयचे सेक्शन घ्या. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर चांगल्या कंपनीचा, जस्ताचा नीट थर असलेलाच माल घ्या. हलक्या मालाला कापलेल्या कडांवर लवकर तांबेरा चढतो.

क्रम असा. जमिनीवर आणि छताला सूत मारून रेषा घ्या, ओळंबा सोडून दोन्ही एका सरळ रेषेत आहेत का बघा. लेझर लेव्हल असेल तर उत्तमच. खालचा आणि वरचा चॅनल साधारण ६०० मिमीवर एक अँकर अशा हिशोबाने बसवा. उभे स्टड, म्हणजे सांगाड्याचे उभे सेक्शन, ६१० मिमीच्या अंतराने. बोर्ड १२२० मिमी रुंद असतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही कडा आणि मध्य बरोबर स्टडवर येतात. वर टाइल किंवा जड लाकडी पॅनेल येणार असेल तर अंतर ४०० मिमीपर्यंत कमी करा.

टीव्ही, टॉवेल रॉड, पडद्याची पट्टी, जे काही टांगायचं ते आत्ताच ठरवून दोन स्टडच्या मध्ये १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा स्क्रूने बसवा. बोर्ड लागल्यावर हे करता येत नाही. टीव्हीमागे प्लाय थोडा मोठाच ठेवा, पुढचा टीव्ही मोठा येतो.

स्टडला कारखान्यातूनच भोकं असतात, वायरी त्यातूनच न्या. नवीन भोक पाडलंच तर त्याची कड सुरीसारखी असते. तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घाला. पीव्हीसी पाइप असली तरी घाला.

## पाण्याची पाइप

जुन्या घरात अजून जीआयची गंजकी पाइप असेल तर ती बोर्डमागे झाकण्याचा विचारसुद्धा करू नका, आधी बदला. नवीन कामाला गरम-थंड दोन्हींसाठी सीपीव्हीसी चालते.

सीपीव्हीसीबद्दल दोन गोष्टी बहुतेक जण सांगत नाहीत. पहिली, ती गरम पाण्याने वाढते. तीन मीटरची सरळ पाइप ४० अंशांनी तापली तर सात-आठ मिमी लांब होते. क्लॅम्प आवळून बसवले किंवा स्टडमधलं भोक अगदी पाइपच्या मापाचं ठेवलं तर ती अडते, वाकते आणि रोज सकाळी गीझर लावला की भिंतीतून टकटक आवाज येतो. क्लॅम्प असे हवेत की पाइप धरली जाईल पण सरकू शकेल. भोक थोडं मोठं आणि वळणाशी थोडी मोकळीक. दुसरी, मऊ पीव्हीसीचा तिला स्पर्श नको. वायरींचं आवरण मऊ करायला घातलेलं रसायन सीपीव्हीसीत झिरपतं आणि कालांतराने तिला तडे पाडतं. म्हणून वायर किंवा केबल टाय लावून पाण्याच्या पाइपला बांधायची नाही.

जोड कमीत कमी ठेवा. कोपऱ्यावरचा एल्बो टाळता येत नाही, पण सरळ मार्गात तुकडे जोडून पाइप पूर्ण करू देऊ नका. पूर्ण लांबीची आणा. सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) लावताना प्लंबर पाइप घालून पाव वळसा फिरवतो आणि काही सेकंद दाबून धरतो का, हे उभं राहून पाहा. जोडाभोवती सॉल्व्हंटची बारीक, अखंड कड उमटली पाहिजे. जिथे ती तुटलेली दिसते तिथे आत कोरडा भाग राहिलेला असतो. लपवलेला जोड म्हणून फक्त हा चिकटवलेला जोड चालेल. आट्याचा जोड आणि युनियन (खोलता येणारा जोड) बाहेर किंवा दरवाजामागे.

बेसिन आणि वॉशिंग मशीनच्या निचरा पाइपला दर मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार द्या. आडवी लांब निचरा पाइप भिंतीत नेण्याची वेळ येत असेल तर मशीनची जागाच बदलता येते का बघा. पाणी चढावर जात नाही आणि पोकळीत उताराला फार वाव नसतो. झोपायच्या खोलीशेजारून निचरा पाइप जात असेल तर तिच्याभोवती रॉकवूल भरा, रात्री पाण्याचा आवाज येणार नाही.

बाथरूममध्ये साधा पांढरा जिप्सम बोर्ड नको. कोरड्या भागात हिरवा, ओल सोसणारा बोर्ड चालतो, पण शॉवरच्या भागात सिमेंट फायबर बोर्ड, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर आणि मग टाइल.

## एसीची जोडपाइप

दीड टनाच्या स्प्लिट एसीला साधारणपणे पाव इंची आणि अर्धा इंची अशा दोन तांब्याच्या पाइपा लागतात. दोन्हींवर वेगवेगळं रबरी इन्सुलेशन हवं, टोकापासून टोकापर्यंत, कुठेही उघडं नाही. स्प्लिट एसीत गॅसचा दाब बाहेरच्या युनिटमध्येच कमी होतो, त्यामुळे बारीक पाइपही गारच असते. तिच्यावर घाम धरला तर तो थेट बोर्डवर टपकतो.

भिंतीमागे तांब्याचा जोड नको. फ्लेअर नट (तांब्याची पाइप जोडणारे नट) इनडोअर युनिटच्या मागे आणि आउटडोअरपाशी, मध्ये अखंड गुंडाळीतली पाइप. निचऱ्याच्या नळीला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार, मध्ये झोळ नाही. माझ्या पाहण्यात बोर्डच्या भिंतीवर पडणारे बहुतेक पिवळे डाग नळाच्या पाइपचे नसतात, एसीच्या निचऱ्याचे असतात. कारण ती नळी सगळ्यात शेवटी, घाईत आणि कुणीही टाकतो.

## वीज

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तरीही काय बघायचं ते तुम्हाला माहीत हवं.

वायर उघडी पोकळीत सोडायची नाही, 'आत कोण बघतंय' म्हटलं तरी. ती पीव्हीसी पाइपमधून, आयएसआय मार्कच्या, २० किंवा २५ मिमीच्या. पाइपची साधारण ४० टक्केच जागा वायरींनी भरावी. दोन डब्यांच्या मध्ये दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. खरी परीक्षा एकच: काम झाल्यावर वायरमनला सांगा, एक वायर ओढून परत घाल. ती सरकली तर भविष्यात भिंत न फोडता वायर बदलता येईल.

दिव्यांना १.५ चौ. मिमी, १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५, एसी आणि गीझरला ४ चौ. मिमीची स्वतंत्र लाइन, प्रत्येकीला तिचा एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच). डीबीमध्ये (घराच्या मुख्य वीजपेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर या कामातच बसवून घ्या. धातूच्या सांगाड्यात वायर जाणार असेल तर तो ऐच्छिक राहत नाही. सांगाड्याला कधी करंट लागलाच, तर माणसाला वाचवायला तोच पुढे येतो.

वायरींचे जोड फक्त डब्यात, आणि डब्याचं झाकण उघडता येईल असं. टेप गुंडाळलेला जोड पाइपमध्ये ओढून घेतला तर ती वायर तिथेच नाकारा. स्विचबोर्डचा धातूचा डबा नुसत्या जिप्समला धरून राहत नाही. चार-सहा वर्षं प्लग काढ-घाल झाली की तो हलायला लागतो आणि कडेचा बोर्ड भुरभुरतो. डब्याच्या मागे आडवा सेक्शन किंवा प्लायचा तुकडा असलाच पाहिजे.

## टीव्ही, इंटरनेट

या केबली विजेच्या पाइपमध्ये घालायच्या नाहीत. वेगळा पाइप, शक्यतो विजेच्या पाइपपासून हातभर अंतरावर, आणि ओलांडायचंच झालं तर काटकोनात.

टीव्हीमागून खालच्या कपाटापर्यंत निदान ४० मिमीची, जमल्यास ५० मिमीची पाइप टाका, लांब वळणाचे बेंड लावून. एचडीएमआयचा प्लग दोन सेंटिमीटरहून थोडा जास्त रुंद असतो, २५ च्या पाइपच्या वळणात तो अडकतो. घरात पाहुण्यासारखी येणारी वस्तू म्हणजे केबल: दर काही वर्षांनी नवी येते, जुनी जाते. म्हणून पाइप रिकामी झाली तरी आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. राउटरच्या जागेपासून प्रत्येक खोलीत एकेक कॅट-६ (इंटरनेटची केबल) टाकून ठेवा. काँक्रीटच्या भिंतींतून वायफाय दुबळं होतं, हे मायवान घरात राहायला गेल्यावरच कळतं.

## बंद करण्याआधी

इथे घाई करणारा कारागीर कितीही चांगला असला तरी त्याला थांबवा. बोर्ड दारात येऊन पडलेले असतात, पीओपीवाल्याला पुढच्या साइटवर जायचं असतं. तरीही पुढची कामं झाल्याशिवाय पहिला बोर्ड लागू नये.

*पाणी.* सॉल्व्हंट निदान रात्रभर वाळू द्या. मग सगळे नळ बंद करून, टोकांना प्लग लावून प्लंबरकडून हातपंपाने दाब द्या. कामाच्या दाबाच्या दीडपट तरी हवा. सात किलो, म्हणजे सुमारे १०० पीएसआय, ठेवून काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि काही तासांनी परत पाहा. काटा खाली आला तर गळती आहे, मग ती दिसो वा न दिसो. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो.

*निचरा.* एसीच्या आणि बेसिनच्या नळीत बाटलीभर नव्हे, बादलीभर पाणी सोडा.

*एसी.* तंत्रज्ञाला नायट्रोजन भरून दाब धरून ठेवायला सांगा.

*वीज.* वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) प्रत्येक लाइन तपासून घ्या. निदान १ मेगाओहम आला पाहिजे, नव्या वायरीला तो कितीतरी जास्त येतो. त्यानंतर प्रत्येक पॉइंटला खरोखर वीज देऊन दिवा लावून बघा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा.

*फोटो.* प्रत्येक भिंतीचा समोरून एक, मग डावीकडून उजवीकडे एकेक मीटरचे. टेप उघडून भिंतीला लावा आणि आकडे वाचता येतील असा फोटो घ्या. नुसत्या सुंदर फोटोचा पुढे काही उपयोग होत नाही. माप तयार फरशीपासून आणि खोलीच्या पक्क्या कोपऱ्यापासून घ्या, कारण सोफा आणि दरवाजे बदलतात. 'पाण्याची पाइप: फरशीपासून ४५ सेंमी, खिडकीकडच्या कोपऱ्यापासून १२० सेंमी' असं कागदावर लिहून त्याची एक प्रत डीबीच्या दाराला आतून चिकटवा. फोनमधले फोटो फोनबरोबर जातात, डीबी घरातच राहतो.

*भोकं.* पाइप जिथून भिंत ओलांडते तिथल्या फटी सिमेंटने बुजवा. उंदीर आणि झुरळं त्यातूनच शिरतात, आणि पोकळीत शिरलेला उंदीर वायर कुरतडतो.

## बोर्ड लावणे

१२.५ मिमीचा बोर्ड घ्या. कापताना पुढच्या कागदावर पट्टी धरून कटरची एक खोल रेघ मारायची, मागे मोडायचा आणि मागचा कागद कापायचा. करवतीने नुसता भुसा होतो.

स्विचच्या डब्याचं भोक बरोबर जागी पडायला एक जुनी युक्ती आहे. डब्याच्या कडेला रंगीत खडू घासा, बोर्ड जागेवर धरून तिथे तळहाताने दाबा. मागच्या बाजूला डब्याची चौकट छापली जाते. तीच कापा. टेपने मापून पाडलेल्या भोकापेक्षा हे बरोबर बसतं.

बोर्ड फरशीला टेकवू नका, १० ते १२ मिमी वर ठेवा. आपल्याकडे रोज लादी पुसतात, आणि बोर्डची खालची कड ते पाणी वातीसारखं ओढून घेते. फट नंतर सिलिकॉनने आणि टाइलच्या स्कर्टिंगने झाका. स्क्रू मध्ये ३०० मिमीवर, कडांना २०० मिमीवर. त्याचं डोकं पृष्ठभागाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटता कामा नये. कागद फाटला की तो स्क्रू धरत नाही. शेजारी दुसरा मारा. शेजारशेजारच्या बोर्डांचे आडवे सांधे एका ओळीत नकोत, आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यावर सांधा नकोच, तिथे तडा ठरलेला.

सांध्यात जॉइंटिंग कंपाउंड, त्यात कागदी टेप बसवून दाबायची, मग आणखी दोन थर, प्रत्येक वेळी आधीचा पूर्ण वाळल्यावर. पावसाळ्यात हे वाळायला वेळ लागतो. पंखा लावा, पण कारागिराला दुसऱ्या थरासाठी घाई करू देऊ नका.

## दरवाजे

स्टॉप कॉक, बेसिनचा ट्रॅप, एसीच्या निचऱ्याचं वळण, वायरींचा मोठा डबा, प्रत्येक ठिकाणी ट्रॅपडोअर ठेवा. बघण्यापुरता १५ सेंमीचा झरोका उपयोगाचा नाही; पाना धरून हात फिरला पाहिजे, म्हणजे निदान ३० बाय ३०, प्लंबिंगला ४५ बाय ४५. पुश करून उघडणारे, रंगात मिसळून जाणारे पॅनेल बाजारात मिळतात. मुख्य व्हॉल्व्हचं दार कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनाही, दाखवून ठेवा. पाइप फुटते तेव्हा तुम्ही ऑफिसात असता.

## नंतर काही टांगायचं किंवा उघडायचं झालं तर

आधी डीबीच्या दारावरचा कागद बघा. मग एखादं चांगलं लोहचुंबक भिंतीवर फिरवा. जिथे ते धरतं तिथे स्क्रू, म्हणजे तिथे स्टड. स्टड सोडून पोकळ जागी टांगायचं असेल तर जिप्समसाठीचे खास अँकर वापरा आणि भार फोटो फ्रेम, छोटं घड्याळ एवढाच ठेवा.

गळती आलीच तर भिंत हातोड्याने फोडायची गरज नसते. त्या भागाचा एमसीबी आणि पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, दोन स्टडच्या मधला चौकोन पेन्सिलने आखा आणि कटर बोर्डच्या जाडीपुरताच चालवून तो तुकडा अख्खा काढा. दुरुस्ती करा, परत दाब देऊन तपासा, पोकळी पूर्ण वाळू द्या. मग भोकाच्या मागे आतून प्लायच्या दोन पट्ट्या स्क्रूने धरा आणि तुकडा कोरडा असेल तर तोच परत बसवा. ओला होऊन फुगला असेल तर त्याच मापाचा नवा कापा, सांध्याला टेप, कंपाउंड, आणि उरलेल्या डब्यातला रंग. त्यासाठीच मूळ रंगाचा एक लहान डबा, शेडचा नंबर लिहून, माळ्यावर ठेवून द्या.